सांताची छडी कुठे गेली?

१९८४ सालचा नोव्हेंबर. अमेरिकेत घरोघरी टीव्ही चालू आहे, पोरं समोर लोळत पडलीयेत, आणि मधल्या जाहिरातीत सांताक्लॉज येतो. लाल डगला, पांढरी दाढी, सगळं नेहमीचंच. फक्त हातात कुऱ्हाड.

'सायलेंट नाइट, डेडली नाइट' नावाच्या एका स्वस्तातल्या भयपटाची ती जाहिरात होती. पोस्टरही त्याच थाटाचं: धुराड्यातून वर आलेला लाल बाहीचा हात आणि मुठीत कुऱ्हाड. पालक खवळले. मिलवॉकीत त्यांनी या सिनेमाविरुद्ध संघटना काढली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये थिएटरबाहेर ख्रिसमसची गाणी म्हणत निदर्शनं झाली. जीन सिस्केल या समीक्षकाने तर टीव्हीवर हा सिनेमा करणाऱ्यांची नावं एकेक करून वाचून दाखवली आणि त्यांना लाज वाटायला हवी म्हणून सुनावलं. ९ नोव्हेंबरला लागलेला सिनेमा वितरकांनी काही आठवड्यांतच उतरवला. निषेधाची पत्रं लिहिणाऱ्यांत मिकी रूनी हा हॉलिवूडचा जुनाजाणता नटही होता. पुढे १९९१ साली याच मालिकेचा पाचवा भाग आला. त्यात खेळणी बनवणाऱ्या म्हाताऱ्याचं काम कुणी केलं असेल? मिकी रूनीने. पोट कुणाला चुकलंय!

चिडलेल्या पालकांची तक्रार एका वाक्यात सांगता येईल: आमच्या प्रेमळ म्हाताऱ्याला तुम्ही खुनी केलंत. आपल्यालाही ती पटते. सांता म्हणजे खाऊ, खेळणी, 'हो हो हो'. असल्या सिनेमांचं आता एक मोठं गाठोडंच झालंय. खुनी सांता, खुनी क्रांपुस (हा आल्प्सकडचा शिंगवाला राक्षस), खुनी बिशप. दर डिसेंबरात त्यात भर पडते. बघणाऱ्याला वाटतं, कुणा विकृत डोक्यातून आलेली ही कल्पना, चांगल्याचं वाईट करायची.

मला हे उलटं वाटतं. या सिनेमांनी सांताच्या हातात शस्त्र दिलं नाही. त्याच्या हातातून कुणीतरी काढून घेतलेलं परत आणून दिलं, आणि देताना त्याला आवर घालणारा माणूस मात्र कथेतून हाकलून दिला. सगळी भानगड त्या हाकलण्यात आहे. ती समजायला थोडं मागे जावं लागेल.

सांताक्लॉज ज्याच्यावरून आला तो संत निकोलस चौथ्या शतकातला, मायरा गावचा बिशप. हे गाव आजच्या तुर्कस्तानात येतं. त्याचा सण ६ डिसेंबरला. मुलांचा कैवारी म्हणून तो युरोपभर पुजला गेला. पण मुलांचा कैवारी ठरायला मुलांवर काहीतरी संकट यावं लागतं ना? फ्रान्सकडची कथा ऐका. तीन पोरं वाट चुकून एका खाटकाच्या दारात येतात. खाटीक त्यांना मारतो, तुकडे करतो आणि मीठ लावून पिंपात भरून ठेवतो. काही वर्षांनी निकोलस तिथे येतो आणि पोरांना जिवंत करतो. काही ठिकाणी असंही सांगतात की शिक्षा म्हणून त्या खाटकाला कायमचं संताच्या मागे फिरावं लागलं: संत खाऊ वाटणार आणि हा वात्रट पोरांना चाबूक दाखवणार. फ्रेंचमध्ये त्याचं नाव पेर फुएतार. अर्थ साधारण 'फटकेवाला बाबा'.

म्हणजे खून, तुकडे, पिंप हे सगळं मूळ भाविक कथेतच आहे. सिनेमावाल्यांनी वेगळं काय आणलं?

फटकेवाला बाबा एकटा नाही. जर्मनीत क्नेख्त रुपरेख्त, हॉलंडात पीट, ऑस्ट्रिया आणि बव्हेरियात क्रांपुस. आइसलंडमध्ये तर ग्रीला नावाची राक्षसीण वात्रट पोरांना कढईत शिजवून खाते. तिची तेरा पोरं ख्रिसमसच्या आधी एकेक रात्र धरून डोंगरावरून खाली उतरतात, आणि घरात जे मांजर आहे ते माणसं खातं. या मंडळींवरून मुलांना इतकं घाबरवलं जायचं की १७४६ साली राजाज्ञा काढून तसं करायला बंदी घालावी लागली. आता तीच तेरा पोरं बुटात खाऊ ठेवतात आणि कुणी फारच त्रास दिला असेल तर एक बटाटा. राक्षसिणीची पोरं बटाट्यावर आली!

अमेरिकेत सांताचं नेमकं असंच झालं, आणि ते कधी झालं हे जवळजवळ बोट ठेवून दाखवता येतं. १८२१ साली न्यूयॉर्कला मुलांसाठी एक छोटी सचित्र पुस्तिका निघाली. रेनडियरच्या गाडीतून येणारा सांता छापील स्वरूपात पहिल्यांदा दिसतो तो तिच्यात. चांगल्या मुलांना तो खेळणी देतो. शेवटच्या कडव्यात मात्र वाह्यात मुलांच्या आईबापांसाठी तो बर्चच्या झाडाची लांब काळी छडी ठेवून जातो, वापरा म्हणून. दोनच वर्षांनी, १८२३ साली, नाताळच्या आदल्या रात्रीवरची ती प्रसिद्ध कविता आली. अमेरिकेत ती आजही घरोघर वाचतात. तिच्यात छडी नाही. उलट सांता डोळा मिचकावतो आणि निवेदकाला कळतं की घाबरण्यासारखं काही नाही. 'घाबरू नका' असं कवीला मुद्दाम लिहावं लागलं, म्हणजे तोवर लोक घाबरत असणार.

पुढे थॉमस नास्टने १८६० च्या दशकापासून साप्ताहिकांत त्याची चित्रं काढली, १९३१ पासून हॅडन सुंडब्लोमने कोका-कोलाच्या जाहिरातींत त्याला गुबगुबीत आजोबा केलं आणि छडी विसरली गेली. हिशेबाची वही मात्र राहिली. तू झोपलेला असताना तो बघतो, जागा असताना बघतो, चांगला वागलास की वाईट ते त्याला माहीत असतं, असं बजावणारं १९३४ चं गाणं पोरं आजही आनंदाने गातात. शब्द नीट ऐकले तर अंगावर काटा येईल. रात्री घरात शिरणारा, कुलपाला न जुमानणारा, तुमच्या प्रत्येक वागण्याची नोंद ठेवणारा अनोळखी म्हातारा. भयपटाच्या लेखकाला यापेक्षा तयार माल कुठे मिळणार?

आता क्रांपुसकडे येऊ. या सगळ्या मेळ्यातला तोच सगळ्यात रंगतदार, आणि इंटरनेटवर त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त थापाही. तो म्हणे उत्तरेकडच्या मृत्युदेवतेचा मुलगा. जुन्या परंपरेत याला काही आधार नाही, ही अलीकडची भर आहे. आल्प्समधल्या गावांत जे खरंच चालतं ते या थापेपेक्षा कितीतरी भारी आहे.

५ डिसेंबरची संध्याकाळ, म्हणजे संत निकोलसच्या सणाची आदली रात्र. ऑस्ट्रियातलं गास्टाइनचं खोरं धरा. गावातली तरुण पोरं टोळी करून निघतात. तिकडे टोळीला 'पास' म्हणतात. अंगावर बकऱ्या-मेंढ्यांच्या केसाळ कातड्यांचा पोशाख, डोक्यावर लाकडात कोरलेला मुखवटा, त्याला खरी शिंगं, कमरेला जडशीळ घंटा, हातात डहाळ्यांची जुडी. कुणाच्या पाठीवर करंडा. वाईट पोरांना त्यात घालून न्यायचं असतं ना! आणि या केसाळ कळपाच्या पुढे उंच टोपी घातलेला, हातात दंड घेतलेला बिशप निकोलस. टोळी घरोघर जाते. आधी निकोलस आत येतो, मुलांना वर्षभराचा हिशेब विचारतो, खाऊ देतो. क्रांपुस उंबऱ्याशी घंटा वाजवत, घुरघुरत, आत घुसायला बघत उभे. निकोलसने हात वर केला की थांबायचं. सांगितलं की निघायचं.

हे वाचून कोकणातल्या वाचकांना कुणी आठवलं का? मला लगेच आठवला तो शिमग्यातला संकासुर. गुहागर-दापोलीकडचे खेळे ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. काळा झगा, तोंडावर काळं फडकं, त्यावर पांढरी दाढी, डोक्यावर शंकूसारखी उंच टोपी, कमरेला घुंगरं, हातात दोरी. तो आळीत शिरला की पोरं किंचाळत माजघरात. थोड्या वेळाने तीच पोरं दाराच्या फटीतून डोकावून त्याला चिडवायला बाहेर. मोठी माणसं मात्र त्याच्या पाया पडतात. क्रांपुसचं आणि संकासुराचं नातं लावायला मी बसलेलो नाही, तसलं काही नाही. पण ज्याने संकासुर अनुभवलाय त्याला आल्प्समधल्या त्या पोरांच्या पोटातला गोळा समजावून सांगावा लागत नाही.

संकासुर पाहिलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट पक्की माहीत असते. त्या काळ्या झग्याच्या आत गावातलाच कुणीतरी असतो. चाल ओळखीची असते. उद्या तो दुकानात भेटणार असतो.

भीतीला गावाने इथे तीन वेसणी घातलेल्या दिसतात. एक, तिचा धनी कुणीतरी असतो: क्रांपुस निकोलसच्या शब्दाबाहेर नाही. दोन, तिची वेळ ठरलेली असते. त्या संध्याकाळी तो येणार आणि जाणार, मुक्कामाला राहणार नाही. आपल्याकडे गोव्यातला नरकासुर पाहा, रात्रभर मिरवतो पण पहाटे जळतोच. आणि तीन, मुखवट्यामागे ओळखीचं माणूस. या तीन वेसणी आहेत म्हणूनच गाव इतकी भीती पोरांसमोर आणू शकतं. ऑस्ट्रिया आणि आसपासच्या भागात आता क्रांपुसच्या मोठमोठ्या मिरवणुका निघतात. हजारो लोक, दारू, धक्काबुक्की. मग काही ठिकाणी क्रांपुसच्या अंगावर नंबर लावायला लागले. कुणी जास्त फटके मारले तर नंबर सांगून तक्रार करता यावी म्हणून. राक्षसाला बिल्ला! हसू येतं, पण गाव मोठं झाल्यावर मुखवट्यामागचा माणूस ओळखू येईना, तेव्हा तिसऱ्या वेसणीची केलेली ही दुरुस्तीच आहे.

या जातीचा भयपट कसा चालतो हे सांगायला मला एवढंच पुरतं: यातली कुठली वेसण कापलीय ते पाहायचं.

आधीच्या अमेरिकी-ब्रिटिश सिनेमांनी कापली ती तिसरी. त्यांच्यात सांता खरा नसतोच. असतो तो सांताचा वेष घेतलेला माणूस. १९७२ च्या 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' या ब्रिटिश सिनेमात पाच गोष्टी आहेत. त्यातल्या पहिलीत जोन कॉलिन्स नाताळच्या रात्री नवऱ्याचा खून करते, आणि त्याच वेळी बाहेर वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला एक खुनी सांताच्या वेषात फिरतोय. तिला पोलिसांना बोलवता येत नाही, कारण घरात प्रेत. शेवटी दार उघडते तिची लहान मुलगी. सांता आला म्हणून आनंदाने. ही गोष्ट जेमतेम काही मिनिटांची, पण या प्रकाराची गुरुकिल्ली तिच्यात आहे. मोठ्यांनी 'तो आला की दार उघड' असं शिकवलेलं, आणि पोरीने ते ऐकलं.

१९७४ चा 'ब्लॅक ख्रिसमस' हा कॅनडाचा सिनेमा या यादीत हमखास घालतात. सिनेमा उत्तम आहे, पुढच्या सगळ्या सुरामारीच्या सिनेमांना त्याने वाट दाखवली. पण त्यातला खुनी कुठल्याही वेषात नाही. ख्रिसमस तिथे फक्त कॅलेंडरवर. म्हणून त्याला इथे नमस्कार करून पुढे जातो.

आता ज्याच्यावर एवढी बोंब झाली तो १९८४ चा सिनेमा. चांगला आहे का? नाही. उगाच उघडीनागडी दृश्यं, ढिसाळ अभिनय, रक्त म्हणून ओतलेला लाल रंग. पण गोष्ट बघा. बिली नावाचा पाच वर्षांचा पोरगा आईबापांबरोबर इस्पितळातल्या आजोबांना भेटायला जातो. आजोबा मुके, थिजलेले. आईबाप खोलीबाहेर जाताच म्हातारा अचानक बोलायला लागतो: सांता फक्त चांगल्यांना देतो, वाईटांना शिक्षा करतो, आज त्याला पाहिलंस तर पळ. परतीच्या वाटेवर सांताच्या वेषातला एक दरोडेखोर बिलीच्या डोळ्यांदेखत आईबापांना मारतो. पोरगा अनाथाश्रमात वाढतो. तिथली मुख्य नन त्याच्या मनावर बिंबवते की शिक्षा ही चांगली गोष्ट आहे. अठराव्या वर्षी तो खेळण्यांच्या दुकानात लागतो, मालक त्याला सांताचा डगला चढवतो, आणि बिली जे शिकलाय ते करायला लागतो.

आजोबांचे ते शब्द म्हणजे १८२१ च्या पुस्तिकेतलं शेवटचं कडवंच. निदर्शनं करणाऱ्या पालकांना वाटलं सिनेमाने त्यांच्या सांतावर चिखल उडवला. सिनेमा खरं तर त्यांनाच विचारत होता की 'वाईट वागलास तर' हे वाक्य तुम्ही पोराला रोज ऐकवता, ते कुणी अक्षरशः खरं मानलं तर काय? विचारण्याची रीत गावठी होती, कबूल.

१९८० मध्ये येऊन गेलेल्या 'ख्रिसमस ईव्हिल'मध्ये हाच प्रश्न जास्त शहाणपणाने आला होता. त्यात खेळण्यांच्या कारखान्यातला एक खुळचट माणूस स्वतःलाच खरा सांता समजतो आणि शेजारच्या पोरांच्या चांगल्या-वाईट वागण्याच्या वह्या ठेवतो. त्यावर फारसं कुणी ओरडलं नाही. पोरांसमोर टीव्हीवर जाहिरात गेली असती तर कदाचित ओरडले असते.

नंतर पंचवीसेक वर्षं हा प्रकार व्हिडिओच्या दुकानातल्या खालच्या फळीवर पडून राहिला. जीव आला तो २०१० मध्ये, आणि तो अमेरिकेतून नाही.

फिनलंडमध्ये सांताला 'योउलुपुक्की' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'ख्रिसमसचा बोकड'. अख्ख्या देशाचा लाडका आजोबा आणि नाव बोकड! हे पूर्वीच्या सोंगांचं शेपूट आहे. तिकडे १३ जानेवारीला, सण सरल्यावर, तरुण माणसं केसाळ कातडी पांघरून, शिंगांचे मुखवटे लावून घरोघर उरलंसुरलं खाणं आणि दारू मागत फिरायची. पुढे अमेरिकी सांता आला आणि त्याच नावात जाऊन बसला. १९२७ मध्ये रेडिओवरच्या एका लाडक्या काकांनी जाहीर केलं की सांता राहतो कोर्वातुन्तुरीवर. हा रशियाच्या सीमेवरचा डोंगर, नावाचाच अर्थ 'कान-डोंगर', म्हणून तिथून सांताला सगळ्या मुलांचं ऐकू येतं. आज रोवानिएमी हे गाव सांताच्या नावावर जगभरचे पर्यटक ओढतं.

यल्मारी हेलांडरचा 'रेअर एक्सपोर्ट्स' याच डोंगराखाली सुरुंग लावतो. एक परदेशी कंपनी कोर्वातुन्तुरी खणते आहे. आत काहीतरी बर्फात गाडून ठेवलेलं आहे. गावातला पिएतारी नावाचा पोरगा जुनी पुस्तकं चाळतो आणि त्याला चित्रं दिसतात: शिंगवाला, पोरांना कढईत घालणारा सांता. कोकावाला म्हातारा थाप आहे, हे त्या गावात एकट्या त्यालाच कळतं. मग गावातले हीटर गायब, हेअर ड्रायर गायब, बटाट्याची पोती गायब, पोरं गायब. हीटर आणि हेअर ड्रायर कशाला? बर्फ वितळवायला. पोती कशाला, ते मी सांगत नाही.

मला हा सिनेमा या सगळ्यांत सरस वाटतो, आणि त्याचं कारण भीती नाही. त्यातली माणसं कामाची आहेत. रेनडियर मारून पोट भरणारे तिघे-चौघे बाप, ज्यांचा यंदाचा कळप हातचा गेलाय. त्यांच्या अंगणात पुराणातला राक्षस आला तर ते आरडाओरडा करत नाहीत, याचे किती पैसे येतील ते बघतात. सिनेमाच्या नावातला 'एक्सपोर्ट' उगाच नाही. शेवट सांगून विचका करणार नाही. एवढंच की देशाने आपल्या बोकडाला माणसाळवून जगाला कसं विकलं, यावर इतकी खट्याळ टीका मी दुसरीकडे पाहिली नाही. सुटलेली पहिली वेसण शेवटी कुणीतरी परत बांधतं, आणि बांधणारा संत नसतो, व्यापारी असतो.

त्याच वर्षी हॉलंडात डिक मासने 'सिंट' काढला. डच लोकांचा सिंटरक्लास हा बिशपच, ५ डिसेंबरला पांढऱ्या घोड्यावरून छपरांवर हिंडणारा. गुणी पोरांना खाऊ, द्वाड पोरांना छडी, असं तिथलं परंपरेचं गाणंच आहे, आणि फारच द्वाड असेल त्याला पोत्यात घालून स्पेनला नेतात अशी धमकी. सिनेमा म्हणतो, हा बिशप मुळात लुटारू होता. १४९२ च्या ५ डिसेंबरला गावकऱ्यांनी त्याला टोळीसकट जाळलं, आणि त्या तारखेला पौर्णिमा आली की तो परततो. अॅमस्टरडॅमच्या छपरांवर घोडा दौडतोय आणि खाली पोलिसांच्या गाड्या, हे दृश्य एकदा तरी पाहावं. बाकी सिनेमा ठीकठाक. तिथेही पालक पोस्टरवर चिडले, प्रकरण कोर्टात गेलं, पोस्टर टिकलं.

मग २०१५. मायकल डॉहर्टीचा 'क्रांपुस' अमेरिकेत लागला ४ डिसेंबरला, क्रांपुसच्या रात्रीच्या आदल्या दिवशी. मॅक्स नावाचा मुलगा, सणाला घरी आलेले असह्य नातेवाईक (हा भाग कुठल्याही देशात भाषांतराशिवाय कळतो), सांताला लिहिलेल्या पत्राची भर जेवणात झालेली टिंगल. मॅक्स पत्र फाडून खिडकीबाहेर टाकतो. बर्फाचं वादळ येतं, वीज जाते, आणि छपरांवर काहीतरी उड्या मारत येतं. घरातली जर्मन बोलणारी आजी एकटीच ओळखते, कोण ते. तिने लहानपणी त्याला पाहिलंय. त्याने मागे ठेवलेल्या घंटेवर 'क्रांपुसकडून नमस्कार' अशा अर्थाचे जर्मन शब्द आहेत. ते दिग्दर्शकाच्या डोक्यातून आलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून क्रांपुसची चित्रं असलेली शुभेच्छापत्रं तिकडे खपत होती, त्यांवर हेच छापलेलं असायचं.

राक्षस आणि बाहुल्या वेटा वर्कशॉपने हाताने घडवलेल्या आहेत, आणि दिसायला सिनेमा देखणा आहे. पण एक गोष्ट खटकते. आजी म्हणते हा निकोलसची सावली आहे. ठीक. मग निकोलस कुठे आहे? तो येतच नाही. गावातल्या खेळात क्रांपुस उंबऱ्याशी थांबतो, कारण आत संत उभा असतो. इथे उंबरा अडवायला कुणी नाही. शिक्षा आहे, पण हिशेब विचारणारा नाही, आणि 'चुकलो' म्हटलं तर ऐकून घेणाराही नाही. एका पोराने चिडून कागद फाडला, त्याची शिक्षा अख्ख्या आळीला. अमेरिकेने १८२३ मध्ये सांताकडून छडी काढून घेतली आणि दोनशे वर्षांनी परत मागवली ती नुसती छडी, एकटी. म्हणून ती एवढी जोरात बसते.

या सिनेमाने साधारण दीड कोटी डॉलरच्या खर्चात सहा कोटींच्या वर गल्ला जमवला. आधी आणि नंतर क्रांपुसच्या नावाने निघालेल्या टुकार सिनेमांची तर मोजदाद नाही. त्याचं कारण साधं आहे: क्रांपुसवर कुणाचाच मालकी हक्क नाही. प्रसिद्ध सिनेमातला एखादा खुनी घ्यायचा तर परवानगी हवी, पैसे हवेत. लोककथेतला राक्षस फुकट. पोशाख सणाच्या बाजारात तयार मिळतो, मुखवट्यामागे कुठलाही नट चालतो, जाहिरात कॅलेंडर करतं. २०२४ च्या 'टेरिफायर ३'मधल्या खुनी विदूषकाचा सणाशी काही संबंध नव्हता. त्याला नुसता सांताचा डगला घातला. सुमारे वीस लाख डॉलरमध्ये झालेल्या त्या सिनेमाने नऊ कोटींच्या आसपास कमावले. मला तो बघवला नाही. अर्ध्यात बंद केला.

लोककथेत ज्याच्या हातात छडी नव्हतीच त्याला खुनी केलं तर काय होतं, याचं उदाहरण म्हणजे १९९३ चा 'लेप्रेकॉन'. आयर्लंडच्या कथांमधला हा बुटका चांभार, सोनं लपवणारा, फार तर लोकांना फसवणारा. सिनेमात तो माणसं मारत सुटतो, पण जोडे दिसले की ते पुसायला थांबतो. चांभारपण काही सुटत नाही! जेनिफर अॅनिस्टन 'फ्रेंड्स'च्या आधी यात होती, एवढ्यावर तो लोकांच्या लक्षात आहे. भीती वाटत नाही, कारण त्याच्यामागे कुणा आजीने घातलेली धमकी नाही.

आणि डिसेंबरच का, असं कुणी विचारलं तर खिडकीबाहेर बघा म्हणावं. नाताळच्या सुमारास झाल्त्सबुर्गला दिवस साडेआठ तासांहून लहान असतो, रोवानिएमीला जेमतेम दोन-सव्वादोन तास. बाहेर बर्फ, जनावरं गोठ्यात, सगळं घर एका शेगडीभोवती. अशा वेळी माणसं गोष्टी सांगणार आणि त्या भुतांच्याच असणार. इंग्लंडमध्ये तर नाताळला भुताची गोष्ट वाचायची रीतच आहे. डिकन्सने कंजूष म्हाताऱ्याकडे भुतं पाठवली ती १८४३ च्या १९ डिसेंबरला. पुस्तक त्या दिवशी दुकानात आलं. सिनेमावाल्याला यातून आयतं घर मिळतं: दारं बंद, रस्ते बंद, आणि नको असलेले नातेवाईक आत.

बघायचेच असतील तर 'रेअर एक्सपोर्ट्स'पासून सुरुवात करा. लांबीला दीड तासाच्या आत आहे. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना बरोबर घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. शिव्या आणि नागडे म्हातारे आहेत, आधीच सांगून ठेवतो. त्यानंतर 'क्रांपुस'. १९८४ वाला फक्त इतिहास म्हणून, आणि एकट्याने. आणि पाहायला बसण्याआधी घरातला हेअर ड्रायर जागेवर आहे ना, तेवढं बघून घ्या.